दोन धावपट्ट्यांमधले अंतर

पनवेल, उरण आणि बेलापूर परिसरातली मुले आता डोक्यावरून खाली उतरत जाणाऱ्या विमानांच्या आवाजाला सरावू लागली असतील. रायगड जिल्ह्याच्या पनवेल तालुक्यात, खाडीच्या काठी उभारलेल्या नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्‌घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि २५ डिसेंबर २०२५ पासून तेथून प्रवासी विमानांची ये-जा सुरू झाली. या विमानतळाचे काही आकडे आपण वर्तमानपत्रांत वाचले आहेत. क्षेत्रफळ १,१६० हेक्टर. आराखड्यात दोन समांतर धावपट्ट्या, प्रत्येकी ३,७०० मीटर लांब आणि ६० मीटर रुंद. दोन्ही धावपट्ट्यांमधले अंतर १,५५० मीटर. सर्व टप्पे पूर्ण झाल्यावर वर्षाला ९ कोटी प्रवासी. पहिल्या टप्प्यात त्यांपैकी एक धावपट्टी आणि २ कोटी प्रवाशांची सोय असलेली एक इमारत.

वर्गात हे आकडे सांगितले की मुलांचे लक्ष ९ कोटींवर जाते. आमच्या मते यांतला सर्वांत बोलका आकडा १,५५० हा आहे. विमानतळ केवढा असावा, त्यात इमारती कुठे बसाव्यात, कोणता डोंगर कापावा लागेल आणि कोणती नदी वाचेल, हे बऱ्याच अंशी या एका अंतराने ठरवले आहे. ते कसे, हे समजून घेण्यासाठी खडू, मीटरपट्टी आणि वर्गातली मोकळी फरशी पुरेशी आहे.

वर्गात विमानतळ

बाके बाजूला सारा. १ मीटरला १ मिलिमीटर असे प्रमाण घेऊ, म्हणजे १ : १,०००. आता फरशीवर ३ मीटर ७० सेंटीमीटर लांब आणि ६ सेंटीमीटर रुंद असा पट्टा खडूने आखा. ही एक धावपट्टी. तिला समांतर, १ मीटर ५५ सेंटीमीटर अंतरावर दुसरा तेवढाच पट्टा आखा. अंतर दोन्ही पट्ट्यांच्या मध्यरेषांमधले मोजायचे. आपल्याकडे नेहमी दिसणारे १८० आसनांचे विमान साधारण ३७ मीटर लांब असते. आपल्या नकाशात ते पावणेचार सेंटीमीटरचे, म्हणजे मुलांच्या खोडरबराएवढे होईल. सर्वांत मोठ्या दुमजली प्रवासी विमानाच्या पंखांचा पसारा ८० मीटर असतो. ८ सेंटीमीटरचे कागदी पंख धावपट्टीवर ठेवून पाहा, ते दोन्ही बाजूंनी बाहेर येतील. (चाके मात्र आतच राहतात!)

संपूर्ण विमानतळाचे १,१६० हेक्टर या प्रमाणात ११.६ चौरस मीटर होतात. सहा मीटर लांब, सहा मीटर रुंद अशा वर्गखोलीचा हा जवळजवळ एक तृतीयांश भाग. आखलेला नकाशा पुसू नका, लेख संपेपर्यंत तो लागणार आहे.

धावपट्टी एवढी लांब का?

विमान हवेत उचलले जाते ते पंखांवरून वाहणाऱ्या हवेमुळे. हवा विरळ असेल तर तेवढाच जोर मिळवण्यासाठी जास्त वेग लागतो, आणि जास्त वेग गाठायला जास्त लांब धावावे लागते. गरम हवा विरळ असते. १५ अंश सेल्सिअस म्हणजे २८८ केल्व्हिन आणि ३५ अंश म्हणजे ३०८ केल्व्हिन. दाब तोच राहिला, तर हवेची घनता या दोन तापमानांमध्ये सुमारे साडेसहा टक्क्यांनी घटते. शिवाय विरळ हवेत इंजिनांचाही जोर कमी पडतो.

विमानतळाच्या नियोजनात यासाठी एक सोपा ठोकताळा वापरतात. समुद्रसपाटीजवळ १५ अंशांच्या वर प्रत्येक अंशाला धावपट्टीची लांबी एक टक्का वाढवायची. समजा, एखाद्या भरलेल्या मोठ्या विमानाला थंड हवेत ३,००० मीटर लागतात. कोकणातल्या ३५ अंशांच्या दुपारी त्याला २० टक्के जास्त, म्हणजे ३,६०० मीटर लागतील. ३,७०० हा आकडा असा आपल्या हवामानाशी जोडलेला आहे.

धावपट्टीची दिशाही हवाच ठरवते. विमान वाऱ्याला सामोरे धावले तर त्याला कमी लांबी पुरते. आपल्या किनाऱ्यावर वर्षातला बराच काळ वारा समुद्राकडून, पश्चिमेच्या बाजूने येतो, म्हणून मुख्य धावपट्ट्या पूर्व-पश्चिम असतात. धावपट्टीच्या टोकावरचा क्रमांक म्हणजे तिची होकायंत्रावरची दिशा. अंश जवळच्या दहापर्यंत पूर्ण करून शेवटचे शून्य काढून टाकतात. नवी मुंबईची धावपट्टी ०८/२६ आहे, म्हणजे एका बाजूने सुमारे ८० अंश आणि दुसऱ्या बाजूने २६० अंश. दोन क्रमांकांमध्ये नेहमी १८ चाच फरक का असतो, हे मुलांना शोधू द्या.

एकमेकींना छेदणाऱ्या धावपट्ट्या

आता सांताक्रूझ-सहारच्या मुंबई विमानतळाकडे वळू. तेथेही दोन धावपट्ट्या आहेत. ०९/२७ ही मुख्य धावपट्टी ३,४४८ मीटरची आणि १४/३२ ही दुसरी २,८७१ मीटरची. पण या दोघी एकमेकींना छेदतात. चौरस्त्यावर दोन्ही बाजूंची वाहने एकदम सोडता येत नाहीत, तसेच येथेही होते. दुसऱ्या धावपट्टीच्या आग्नेय बाजूला ट्रॉम्बेची टेकडी आडवी येते, त्यामुळे तिच्या वापरावर मर्यादा पडतात. व्यवहारात बहुतेक सारा भार एकाच धावपट्टीवर असतो.

या एका धावपट्टीवरून मुंबईने एका दिवसात १,००० हून अधिक उड्डाणे आणि अवतरणे करून दाखवली आहेत. एका दिवसात ८६,४०० सेकंद असतात. १,००० ने भागले तर दर ८६ सेकंदांना एक विमान. गर्दीच्या तासाला ४६ विमाने, म्हणजे सुमारे ७८ सेकंदांना एक, हा वेगही तेथे गाठला गेला आहे. जगात एकाच वापरत्या धावपट्टीवर एवढे काम करणारे विमानतळ फार थोडे आहेत. २०२४-२५ मध्ये मुंबईने साडेपाच कोटींच्या आसपास प्रवासी हाताळले. इमारती वाढवता येतात, पण धावपट्टीवरची ही सेकंदे वाढवता येत नाहीत.

हिशेब पुढे नेऊ. ९ कोटी प्रवाशांना ३६५ ने भागले की दिवसाला सुमारे २ लाख ४७ हजार येतात. एका विमानात सरासरी १७० प्रवासी धरले तर रोज सुमारे १,४५० विमाने, म्हणजे चोवीस तास सारखी विभागली तरी ताशी ६०. सकाळ-संध्याकाळच्या गर्दीत हा आकडा त्याहून बराच वर जाणार. ताशी ४६ च्या मर्यादेत हे बसत नाही. म्हणून दुसरी धावपट्टी हवी, आणि तीही पहिलीला न छेदणारी. पण किती दूर?

विमानामागचे भोवरे

बोट घाटावरून गेली की मागे लाटा उरतात, तसे विमानामागे हवेचे भोवरे उरतात. पंखाखाली दाब जास्त, पंखावर कमी. पंखाच्या टोकाशी खालची हवा वर वळते आणि दोन्ही टोकांपासून दोन फिरते गुंडाळे मागे सुटतात. विमान जड आणि संथ असेल तितके हे भोवरे जोरकस, आणि उतरणारे विमान संथच असते. मागून येणारे लहान विमान त्यांत सापडले तर एका कुशीवर कलंडू शकते. म्हणून जड विमानामागे मध्यम आकाराचे विमान उतरत असेल तर नेहमीच्या नियमानुसार दोघांत ५ सागरी मैल, म्हणजे सुमारे ९.३ किलोमीटर अंतर ठेवतात.

आपल्या नकाशात हे ९ मीटर ३० सेंटीमीटर झाले. एका मुलाला धावपट्टीच्या टोकाशी उभे करा आणि मागच्या ‘विमाना’ला तेवढे अंतर मोजायला सांगा. तो वर्गाबाहेर व्हरांड्यात जाईल! ताशी २६० किलोमीटर वेगाने हे अंतर कापायला १२८ सेकंद लागतात. मुंबईच्या ७८ किंवा ८६ सेकंदांशी ताडून पाहा. विमानांचा क्रम चतुराईने लावणे, म्हणजे जड विमाने एकापाठोपाठ आणणे, दोन अवतरणांच्या मधल्या फटीत एक उड्डाण सोडणे, हे हवाई वाहतूक नियंत्रकाचे कौशल्य कशात आहे ते यावरून कळेल.

हे भोवरे वाऱ्याबरोबर आडवेही सरकतात. म्हणून आंतरराष्ट्रीय नियम असा आहे की, दोन समांतर धावपट्ट्यांत ७६० मीटरपेक्षा कमी अंतर असेल तर भोवऱ्यांच्या बाबतीत त्या दोन्ही एकच धावपट्टी समजायच्या. दुबईच्या दोन धावपट्ट्यांत ३८५ मीटरच अंतर आहे. तरीही २०२४ मध्ये तेथून ९ कोटी २३ लाख प्रवाशांनी ये-जा केली, कारण तेथे प्रचंड मोठ्या विमानांचे प्रमाण खूप आहे. एका फेरीत जास्त माणसे, हा दुसरा उपाय.

दोन्ही धावपट्ट्यांवर एकाच वेळी, एकमेकांची वाट न पाहता विमाने उतरवायची असतील तर अंतर किमान १,०३५ मीटर लागते. हा आकडा असा का? ढगांतून शेजारी-शेजारी दोन विमाने खाली येत आहेत आणि त्यांतले एक चुकून दुसऱ्याकडे वळू लागले, अशी कल्पना करा. दोन वाटांच्या मधोमध किमान ६१० मीटर रुंदीचा पट्टा निषिद्ध ठरवलेला असतो. विमान त्यात शिरते आहे असे रडारवर दिसताच नियंत्रक शेजारच्या विमानाला दूर वळवतो. चूक दिसणे, बोलणे, ऐकणे आणि वळणे, या सगळ्याला लागणारा वेळ अंतराच्या रूपाने राखून ठेवलेला असतो. फरशीवर मधोमध ६१ सेंटीमीटरचा पट्टा आखा. १५५ मधून ६१ वजा केले तर दोन्ही बाजूंना ४७ सेंटीमीटर उरतात. किमान अंतर घेतले असते तर सव्वाएकवीसच उरले असते.

मग १,०३५ वरच का थांबले नाहीत? कारण मधली जागा रिकामी नसते. प्रवाशांच्या इमारती, विमाने उभी करायची जागा आणि धावपट्टीकडे नेणारे रस्ते, सगळे दोन धावपट्ट्यांच्या मध्ये बसवले की कोणतेही विमान दुसरी धावपट्टी ओलांडल्याशिवाय आपल्या धावपट्टीवर पोचते. लंडनच्या हीथ्रो विमानतळाचा आराखडा असाच आहे. तेथे दोन धावपट्ट्यांत सुमारे १,४०० मीटर अंतर आणि एकूण जागा १,२२७ हेक्टर. २०२४ मध्ये तेथून सुमारे ८ कोटी ३९ लाख प्रवाशांनी प्रवास केला. अमेरिकेतल्या डेन्व्हरला सहा धावपट्ट्या आहेत आणि जागा १३,५०० हेक्टरांच्या आसपास. आपल्या प्रमाणात तो आखायला वर्ग नव्हे, शाळेचे पटांगण लागेल. तेथील प्रवासी मात्र हीथ्रोपेक्षा थोडे कमीच. विमानतळाचा आकार आणि त्याची गर्दी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मुलांच्या लक्षात यावे म्हणून ही दोन उदाहरणे दिली.

अडीचशे मीटर

नवी मुंबईच्या मूळ आराखड्यात दोन धावपट्ट्यांमधले अंतर १,८०० मीटर होते. पण ही जागा मोकळे माळरान नव्हती. पनवेलच्या खाडीला मिळणाऱ्या गाढी आणि उलवे या नद्या, भरतीचे पाणी आत घेणारी खारफुटी, मिठागरे, भातखाचरे आणि आगरी-कोळ्यांची गावे, असा हा प्रदेश. पर्यावरणाच्या मंजुरीच्या वेळी यावर बराच वाद झाला. अखेर नोव्हेंबर २०१० मध्ये मंजुरी मिळाली ती आराखडा बदलून. धावपट्ट्यांमधले अंतर १,५५० मीटर केले, विमानांशी थेट संबंध नसलेल्या सोयी बाहेर हलवल्या आणि गाढी नदीचे पात्र न वळवण्याचे ठरले. उलवे नदी मात्र वळवावी लागली.

कमी झालेल्या २५० मीटरांना धावपट्टीच्या ३,७०० मीटर लांबीने गुणा. ९ लाख २५ हजार चौरस मीटर, म्हणजे ९२.५ हेक्टर. आणि सुरक्षिततेच्या नियमांना धक्का लागला का? १,५५० हे १,०३५ पेक्षा पुष्कळ जास्तच आहे. विज्ञानाने येथे ‘विमानतळ की नदी’ असा निवाडा दिला नाही. किती मीटर खरोखर आवश्यक आहेत आणि किती सोयीचे आहेत, हे वेगळे करून दाखवले. तेवढे कळल्यावर वाटाघाटीला जागा निर्माण झाली.

नदीला जागा का ठेवायची, याचे उत्तर मुंबई विमानतळानेच दिले आहे. मिठी नदी तेथे धावपट्टीखालून जाते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, नदी फुगली आणि विमानतळ बंद ठेवावा लागला. पाणथळ जमिनीच्या एका हेक्टरवर १ मीटर पाणी साठत असेल तर ते १०,००० घनमीटर होते. तेथे भराव घातला की तेवढे पाणी दुसरीकडे वाट शोधते, आणि भरतीच्या वेळी खाडीही ते लवकर घेत नाही.

डोंगर खाचरांत उतरला

विमानतळाच्या हद्दीतच सुमारे ९० मीटर उंचीची उलव्याची टेकडी होती. धावपट्टीच्या भोवती ४ किलोमीटरांपर्यंत साधारण ४५ मीटरच्या वर काही असू नये, असा नियम आहे. उतरण्याच्या वाटेवर तर मर्यादा आणखी कडक असते. धावपट्टीपासून दूर जाताना दर ५० मीटरला फक्त १ मीटर उंची चालते. नकाशावर ९ सेंटीमीटर उंचीची वही उभी करा आणि धावपट्टीच्या टोकापासून ५० ला १ या चढाने दोरा ताणा. टेकडी का गेली ते कोणालाही सांगावे लागणार नाही.

टेकडीचा खडक सखल भाग भरून काढायला वापरला. भराव सरासरी साडेपाच मीटरचा. एक हेक्टर एवढा उंच करायला ५५,००० घनमीटर दगडमाती लागते. एका डंपरमध्ये १० घनमीटर मावतात असे धरले तर एका हेक्टरसाठी साडेपाच हजार फेऱ्या. पुढचा गुणाकार मुलांवर सोडा.

नकाशात न दिसणारे

आपल्या खडूच्या नकाशात एक गोष्ट राहिली. वरचे ओवळे, कोल्ही, कोपर, चिंचपाडा, उलवे, तरघर, कोंबडभुजे, गणेशपुरी, वाघिवली आणि वाघिवलीवाडा या दहा वस्त्यांतली सुमारे तीन हजार कुटुंबे या जागेवरून उठली. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाल्यापासून या पट्ट्यातल्या जमिनी शहरासाठी घेतल्या जात होत्या. जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात झालेल्या शेतकऱ्यांच्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांचा बळी गेला. त्या लढ्यातून विकसित जमिनीचा साडेबारा टक्के वाटा मूळ मालकांना परत देण्याचे तत्त्व आले. विमानतळासाठी जमीन देणाऱ्यांच्या बाबतीत हा वाटा साडेबावीस टक्के झाला. १९८४ च्या लढ्याचे नेते दि. बा. पाटील यांचे नाव विमानतळाला द्यावे, असा ठराव राज्याच्या विधानसभेने २०२२ मध्ये केला, त्यामागे हा इतिहास आहे.

शंभर चौरस मीटरांमागे साडेबावीस चौरस मीटर, हेही अंतराइतकेच भूमितीचे गणित आहे. मात्र खाचराच्या बांधावरचे झाड किंवा खाडीतले मासे त्यात धरलेले नसतात. या परिसरातल्या शिक्षकांनी वर्गातला नकाशा पुसण्याआधी मुलांना एक काम द्यावे असे आम्हाला वाटते. ज्यांच्या घरी जुनी माणसे आहेत, त्यांनी त्यांना विचारून यावे की शाळा, देऊळ, विहीर, मिठागर आणि उलवे नदीचे जुने वळण कुठे होते. मग तीच ठिकाणे दुसऱ्या रंगाच्या खडूने फरशीवर, दोन धावपट्ट्यांच्या मध्ये आणि आजूबाजूला दाखवावीत. प्रमाण तेच ठेवावे, १ : १,०००.